एकोणसाठ नंबरच्या घरातली मुलं

बिश्केक, ११ मे

आदरणीय सोनुन एजे,

तुम्हाला आणि भावोजींना सलाम. घर घेतलं! हे आधीच लिहून टाकतो, कारण माझी मोठी बहीण, माझी एजे, पत्राचा शेवट आधी वाचते हे मला लहानपणापासून माहीत आहे. तुम्ही गुरं घेऊन वर कुरणावर गेलात की फोन लागत नाही, म्हणून हे आत-बाशीच्या टॅक्सीवाल्या असानकडे देतोय. त्याने वाटेत उघडून वाचलं तर त्यालाही सलाम.

एजे, तुमचा धाकटा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखा वागलाय. लग्नात माइक धरून लोकांना हसवणारा आणि प्यायला लावणारा तमादा, याला कोण शहाणा म्हणणार? पण ऐका. इथे प्रत्येक शाळेची हद्द ठरलेली असते. हद्दीतल्या घरात नोंद असेल त्याच मुलाला घेतात. लोक आधी घर घेतात आणि मग हद्द विचारतात. मी उलटं केलं. निळ्या कमानीच्या शाळेच्या दारावर हद्दीची यादी लावलीय, तिच्यासमोर वीस दिवस जाऊन उभा राहिलो. शेवटी पहारेकऱ्याने विचारलं, "भाऊ, यादीत कुणी वारलंय का?"

पाटाच्या गल्लीत विषम नंबरची घरं, एक ते एकसष्ट, या शाळेची. पाटापलीकडची सम नंबरची दुसऱ्या शाळेची. ती शाळा सहा पदरी रस्त्यापलीकडे आहे आणि मधल्या भुयारी वाटेला चव्वेचाळीस पायऱ्या आहेत. एजंट मला बासष्ट नंबर गळ्यात मारत होता. "एकच गल्ली आहे हो, फक्त पाट ओलांडायचा!" मी असा काही हसलो की त्याने टोपी काढून घाम पुसला. मी एकोणसाठ घेतलं. म्हातारे तोक्तोसुन, भावोजींचे चुलतभाऊ, घर विकतायत असं तुम्ही मागे सहज बोलून गेला होतात, तेही कामी आलं. पण हद्द शोधली ती मी.

दोन खोल्या, गळकं छप्पर, संडास अंगणाच्या टोकाला. कानिशाय दारात उभी राहून म्हणाली, "अहो, शाळेची हद्द घेतलीत ती बरी. सोबत घरही घ्यायचं होतं." पण मग बेगिमायला घेऊन फाटकापासून शाळेपर्यंत चाललो. दोन ऑपरेशनं झालेला खुबा, तरी मध्ये एकदाच थांबली. चारशे बारा पावलं. कमानीखाली उभी राहून म्हणाली, "बाबा, पहिलीत मी एकटी चालत येणार. तुम्ही नाही यायचं." एजे, जुन्या वस्तीत मी तिला खांद्यावर घेऊन निघालो की पोरं मागून लंगडत चालून दाखवायची. तिला ते खांद्यावरून दिसायचं. चव्वेचाळीस पायऱ्या तिला जमणार नाहीत. हे चारशे बारा जमतील. म्हणून हे घर.

तुमचा,
जापार


कुरणावरून, २० मे

बाळ जापार,

घर भरभराटीचं होवो. छप्पर तेवढं आधी कर, शहाणपण गळायला लागलं तर भांडी पुरायची नाहीत.

असानबरोबर लोण्याचा डबा पाठवलाय. अर्धा तुझा, अर्धा कानिशायचा. तिच्या अर्ध्याला हात लावू नकोस.

एक सांगते. नव्या घरात गेल्या गेल्या सगळं उलटंपालटं करायची माणसाला हौस असते. तू ते करू नकोस. तोक्तोसुन म्हातारा माणूस, त्याने ठेवलंय ते राहू दे. कचेऱ्यांत जाऊन हे काढा, ते खोडा, असलं काही लगेच करत बसू नकोस. बेगिमायचं नाव घाल आणि गप्प घरी ये.

तिच्या पायाला रोज रात्री कोमट तेल लाव. ती एकटी चालत जाईल म्हणाली ना? मग जाईल. आपल्या आईवर गेलीय.

सोनुन


बिश्केक, १४ जून

एजे,

तुम्ही म्हणालात तसं बेगिमायचं नाव घालून गप्प घरी आलो. गप्प आलो, एवढंच जमलं.

शाळेत टेबलामागे एक बाई बसल्या होत्या. मी ऐटीत कागद पुढे केले. "पाटाची गल्ली, एकोणसाठ. विषम. हद्दीत." त्यांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कॉम्प्युटरमध्ये.

"तुमचं घर किती खोल्यांचं?"

"दोन. पण ऐसपैस."

"ऐसपैसच असणार. आठ मुलं आधीच राहतात तिथे."

मला वाटलं गंमत करतायत. गमतीवर तर माझं पोट चालतं. मी म्हटलं, "बाई, आठ असती तर एखादं तरी छप्पर शाकारायला मदतीला आलं असतं!" त्या हसल्या नाहीत. आठ मुलं, एजे. आठही आमच्या पत्त्यावर नोंदलेली, आठही त्या शाळेत शिकतायत, आडनावं सहा प्रकारची. तोक्तोसुन बाबांनी घर विकलं, पण लेकरं आतच ठेवून गेले! मी वीस दिवस दारावरची यादी वाचली, आतली कोण वाचणार?

आता नियम ऐका. एका पत्त्यावर एवढी मुलं झाली की तो पत्ता चौकशीत जातो. नवं मूल घेत नाहीत. ऑगस्टमध्ये शाळेची माणसं घर बघायला येणार, मग ठरणार. नाहीतर दुसरा मार्ग म्हणजे मालकाने अर्ज द्यायचा, की ही आठ मुलं इथे राहत नाहीत, यांची नावं काढा. मग बेगिमायला लगेच जागा. नावं मात्र अर्ज दिल्याशिवाय दाखवत नाहीत.

तेव्हा अर्ज देणार. त्यात विचार कसला?

बेगिमायला यातलं काही सांगितलेलं नाही. दप्तरात बटाटे भरून ती रोज कमानीपर्यंत जाऊन येते, ओझ्याची सवय व्हावी म्हणून. केसांत बांधायच्या पांढऱ्या फितींची मोठी फुलं आणलीत, ती उशीखाली ठेवून झोपते. आणि दाराशेजारी मी नुकता चुना दिलेल्या भिंतीवर पेन्सिलीने काहीबाही गिरवून ठेवते. दोनदा ओरडलो. ऐकत नाही. तुम्ही म्हणता तशी आईवर गेलीय.

जापार


कुरणावरून, २५ जून

जापार,

थांब. अर्ज देऊ नकोस.

अरे, पोरं आहेत ती. त्यांचा काय दोष? आणि नव्या घरातून पहिलंच काम काय, तर आठ लेकरांना बाहेर काढायचं? आपल्या बाबांच्या तंबूत हिवाळ्याच्या रात्री कुणाकुणाची पोरं येऊन झोपायची, आई सकाळी डोकी मोजून भाकऱ्या करायची. आपलं काही कमी झालं का?

ऑगस्टपर्यंत थांब. तोवर काहीतरी होईल. मला विचारल्याशिवाय सही करू नकोस.

इकडे पाऊस फार आहे. एक शिंगरू दगावलं.

सोनुन


बिश्केक, ३ जुलै

एजे,

तुमचा मान ठेवून लिहितो, पण लिहितो.

बाबांच्या तंबूत झोपायला आलेल्या पोरांमुळे तुम्हाला कुणी शाळेतून परत पाठवलं नव्हतं. इथे माझी मुलगी बटाटे घेऊन चालतेय आणि तिच्या जागेवर आठ अनोळखी लेकरं बसलीत. "काहीतरी होईल" म्हणजे काय होईल? तिचा खुबा बरा होईल, की रस्ता अरुंद होईल?

वरची हवा आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमिस यांनी तुमचं मन फार मऊ झालंय असं वाटतं. की तोक्तोसुन बाबांनी तुमच्याकडे रदबदली केलीय? कानिशाय म्हणते, "तुमची बहीण कधी कुणासाठी शब्द टाकत नाही, आताच का?" मी म्हटलं, वय झालं.

अर्ज लिहून तयार आहे. हा महिना संपायच्या आत देतो.

जापार


कुरणावरून, ९ जुलै

जापार,

वय झालं ते खरं, पण डोकं अजून ठिकाणावर आहे. असान खाली गाडी घेऊन थांबलाय, म्हणून भरभर लिहिते.

त्या आठांतली एक आपली जिबेक आहे.

तुला माहीत आहे, माझी लेक मॉस्कोत आहे आणि तिची जिबेक दुसऱ्या आजीकडे शहराबाहेरच्या नव्या वस्तीत राहते. तिथली शाळा तीन पाळ्यांत भरते. हिची तिसरी पाळी. हिवाळ्यात पोर अंधारात एकटी घरी यायची. दोन वर्षांपूर्वी मी एक मेंढी घेऊन तोक्तोसुनकडे गेले आणि म्हटलं, हिचं नाव तुझ्या पत्त्यावर लाव. तो नाही म्हणू शकला नाही. आणि एकदा माझं ऐकलं म्हटल्यावर बाकीच्यांनाही नाही कसं म्हणणार? त्याच्या बायकोची भाची आली, तिच्या शेजारणीचा मुलगा आला. अशी आठ झाली.

मग त्याने घर विकायला काढलं आणि माझी झोप उडाली. नवा मालक येणार, नावं खोडणार. म्हटलं, नवा मालक आपलाच असावा. म्हणून तुझ्या कानावर घातलं, सहज बोलल्यासारखं. तू हद्द शोधलीस म्हणून किती फुशारक्या मारल्यास! अरे वेड्या, तुला तिथे मी पाठवलं.

बेगिमायचं नाव अडकेल हे मात्र माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, आठ होती, नऊ होतील. शाळेचे नियम मला काय ठाऊक? पण कपटाने वागले ते वागलेच. तुझ्या पत्रात तिची फुलं उशीखाली आहेत ते वाचलं आणि दिवसभर हाताला काम सुचलं नाही.

सात नावं काढ. जमलं तर जिबेकचं राहू दे. नाही जमलं तर तिचंही काढ. मोठी बहीण म्हणून काही मागत नाही, तो हक्क मी घालवला.

सोनुन


बिश्केक, २८ जुलै

एजे,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस चिडलो, तिसऱ्या दिवशी हसू आलं. वीस दिवस दारापुढे उभा राहिलो तो मी, आणि घर घेतलं तुम्ही! बरं, झालं ते झालं. सात काढायची, जिबेक ठेवायची असं ठरवून अर्ज नव्याने लिहिला. कानिशायसुद्धा हो म्हणाली. आता पुढचं वाचून मला शिव्या घाला, कारण तुमचं कपट माझ्या मूर्खपणापुढे काहीच नाही.

रविवारी घरभरणी केली. आपली पंधरा-वीस माणसं. जेवणं सुरू झाली तोच फाटक उघडलं आणि लोक आत यायला लागले. एक जोडपं, मग दुसरं, मग एक बाई डोक्यावर तळलेल्या बोर्सोकचं ताट घेऊन. मला वाटलं कानिशायची माणसं. तिला वाटलं माझी. सगळ्यांनी दारात नानचा तुकडा मोडून तोंडात घातला, मीच पुढे केला होता. मग आत येऊन बसले. शेवटी तोक्तोसुन बाबा आले आणि माझ्या कानात म्हणाले, "जापार, ही आपल्या घरातल्या पोरांची आईबापं. नव्या मालकाला भेटायला आलीत."

तिथेच माणसाने तोंडाला कुलूप लावावं. पण अठरा वर्षं ज्याने दुसऱ्यांच्या मांडवात बडबड केली त्याच्या हातात त्याच्याच घरात कुणीतरी माइक दिला. समोर चाळीस माणसं. ती बोर्सोकवाली बाई, बाजारात बटणं विकते म्हणे, माझ्याकडे बघत होती. मी उभा राहिलो. तीन प्याले झाले होते, चौथा हातात होता. आणि मी काय म्हणालो माहीत आहे? "ज्यांनी माझ्या घरचा नान मोडला, त्यांची पोरं ती माझी पोरं! या घरातलं एकही मूल बाहेर जाणार नाही!"

काय टाळ्या पडल्या, एजे! म्हाताऱ्या रडल्या. अठरा वर्षांत एवढी दाद मिळाली नव्हती. मी वाकून सलामसुद्धा केला. मग टेबलाच्या टोकाला कानिशाय दिसली आणि चौथा प्याला खाली ठेवला.

आज आठवा दिवस, ती माझ्याशी बोललेली नाही. जे बोलायचं ते किटलीशी बोलते. "हे किटली, काही माणसांना फक्त टाळ्या ऐकू येतात." अर्ज माझ्या खिशात आहे. कचेरीच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आलो. एकदा तर त्या बटणवाल्या बाईच मला तिथे भेटल्या आणि म्हणाल्या, "देव तुमचं भलं करो." मी म्हटलं, इथे जवळच आलो होतो.

आणि बेगिमायला कळलं. भाषण तिनेही ऐकलं ना, बाकीचं किटलीशी चाललेल्या बोलण्यातून. रात्री विचारलं, "बाबा, आपल्या घरात सगळी मुलं राहणार, मग मी कुठल्या शाळेत जाणार?" मी म्हटलं, याच. ती म्हणाली, "नाही झालं तर पायऱ्यांची पण सवय करीन." आणि कूस बदलून झोपली.

एजे, मला फार लाज वाटते. जगात कुणालाही नाही म्हणता येत नाही म्हणून मी माझ्या पोरीला नाही म्हणून बसलो.

१२ ऑगस्टला शाळेची माणसं येणार आहेत.

जापार


कुरणावरून, ४ ऑगस्ट

जापार,

वाचलं. तुझ्या हातात माइक देणाऱ्याचा हात मोडो.

तुला शिव्या घालायला तोंड कुठून आणू? घोळ मी सुरू केला, तू तो माइकवरून जाहीर केलास, एवढाच फरक.

एकच सांगते. येतील त्यांच्याशी खोटं बोलू नकोस. तुला खोटं नीट बोलताही येत नाही, मध्येच गंमत करतोस. आणि कानिशायला म्हणावं, नणंद माफी मागते. किटलीमार्फत सांगितलंस तरी चालेल.

सोनुन


बिश्केक, ३ सप्टेंबर

एजे,

शेवट आधी वाचू नका. यावेळी क्रमाने वाचा. मी रागावून गेले तीन आठवडे लिहिलं नाही असं समजू नका. आधी लिहिण्यासारखं हाती नव्हतं आणि मग धीर होत नव्हता.

बाराला सकाळी शाळेच्या उपमुख्याध्यापिका आल्या. उंच, शिस्तीच्या, हातात वही. चहाला नाही म्हणाल्या. नानचा तुकडा मात्र मोडला, तो कोण मोडत नाही? मी रात्रभर भाषण पाठ केलं होतं. पहिल्याच वाक्याला त्या म्हणाल्या, "भाषण नको. या घरात कोण राहतं?"

मी म्हटलं, "मी, बायको आणि मुलगी."

"आणि ही आठ?"

"नाही राहत." म्हणून टाकलं. बटणवाल्या बाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला, जिबेकचा आला, पण म्हणून टाकलं.

"मग इथे सही करा. नावं काढते, मुलगी आजच शाळेत." त्यांनी पेन पुढे केलं. एजे, मी पेन घेतलं. खरंच घेतलं. कानिशाय बघत होती. आणि हात पुढे जाईना. मी म्हटलं, "बाई, ती राहत नाहीत हे खरं आहे. पण माझ्या हाताने नाही व्हायचं हे. मी त्यांच्याबरोबर जेवलोय." कानिशायने डोळे मिटले. मला वाटलं, संपलं. मी बाप म्हणून संपलो.

बाई म्हणाल्या, "मग तुमची मुलगी तरी इथे राहते कशावरून? कागद तर सगळ्यांकडे असतात. पलंग शेजाऱ्यांकडून आणतात, दप्तर भिंतीला टांगतात. वीस वर्षं बघतेय मी."

तेव्हा बेगिमाय दारापाशी गेली आणि त्यांना म्हणाली, "हे बघा."

ती भिंत, एजे. मी दोनदा ओरडलो ती. मे महिन्यापासून रोजचा एक आकडा, एकाखाली एक. ४१२. ४१५. ४१०. पावसाच्या दिवशी ४३१. पुढे बटाट्याचं चित्र, म्हणजे दप्तर भरलेलं. मध्ये आठ-नऊ दिवस काहीच नाही, खुबा सुजला होता तेव्हा. मग पुन्हा सुरू, ४४०, ४२६. घरभरणीच्या दिवशी दोनदा गेली होती. शेवटचा ३९४. तिची पावलं लांब पडायला लागलीत हे मला भिंतीवरून कळलं. रोज एका घरात राहून मला दिसलं नव्हतं.

बाई खाली बसून वाचत होत्या. वरपासून खालपर्यंत, बोट लावून. मग उठल्या, गुडघे झटकले आणि वहीत लिहिलं. "ही राहते." मग मला म्हणाल्या, "आठ जणांचं मालकाच्या सहीशिवाय मला काही करता येत नाही. पुढच्या वर्षी नवं कुणी घुसवलंत तर मात्र माझ्याशी गाठ आहे."

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिथे त्या जरा घुटमळल्या. इकडे तिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "यादीत चौथं नाव माझ्या भाचीचं आहे. तुम्ही सही केली असती तर बहिणीला तोंड दाखवता आलं नसतं." माइक नसताना मला गप्प बसता येतं, हे मलाही नवीन होतं.

कानिशाय त्या रात्री माझ्याशी बोलली. "छप्पर कधी करताय?" म्हणाली. मी आनंदाने शिडी शोधायला निघालो.

परवा, पहिल्या तारखेला, केसांत ती दोन पांढरी फुलं, हातात फुलांचा गुच्छ, आणि फाटकात मला तिने हाताने थांबवलं. "इथून पुढे नाही." मी थांबलो. पाटाच्या कडेने ती चालायला लागली. दहाएक पावलं मागे जिबेक, जणू आपला काही संबंधच नाही अशी. मी एक ते एकसष्ट सगळी विषम घरं डोळ्यांनी मोजली, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर रडलो असतो. तरी रडलोच. कानिशायने मला आत ओढलं.

दुपारी फाटक वाजलं. बेगिमाय, जिबेक आणि मागून बाकीची सात. जिबेक म्हणाली, "मामाआजोबा, कागदावर आम्ही इथेच राहतो ना? मग जेवायलाही इथेच." कानिशायने माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं आणि पाणी वाढवलं. आता रोज नऊ वाडगे मांडते. माझा दहावा, उरलं तर. लोणी असानकडे दुप्पट पाठवा, हा घोळ तुमचा आहे.

परवा सगळी गेल्यावर मी पेन्सिल घेऊन बेगिमायला म्हटलं, "चल, आजचा आकडा लिही. किती झाली?"

ती भिंतीपुढे उभी राहिली, विचार केला आणि पेन्सिल मला परत दिली.

"मोजायची राहिली, बाबा. आम्ही बोलत होतो."

तुमचा धाकटा,
जापार